साठीतला नवशिका स्वार आणि ‘स्वस्त, शांत घोड्या’चा फिरता सल्ला

निवृत्तीनंतर घोडेस्वारी शिकायची हौस असलेल्यांसाठी व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो आहे. थोडक्यात असा: क्लबात पैसे घालवू नका, सरळ स्वतःचा घोडा घ्या. रेसमधून काढलेला घोडा स्वस्तात मिळतो आणि तो शिकलेलाच असतो. तो नको असेल तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून चार दाती मारवाडी जातीचा घोडा आणा, दोघं बरोबर शिकाल. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) असलेला, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा) घोडा स्वभावाने गरीब असतो. नाचकाम केलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. घ्यायचा तो नरच घ्या, चेतकासारखा इमान राखतो. चाल रेवाल, म्हणजे हिसके न देणारी, हवी. आणि उंची कमी असू द्या, पडलात तरी फार लागणार नाही.

यातलं रेवाल चालीचं तेवढं खरं आहे. बाकीचा मेसेज माणसाला तबेल्यातून थेट हाडांच्या डॉक्टरकडे नेणारा आहे.

आधी रेसचा घोडा, कारण हा मुद्दा ऐकणाऱ्याला लगेच पटतो. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, दोन वर्षांचा झाला की धावायला लागतो, आणि पुण्या-मुंबईचे हंगाम संपले की विकायला निघणाऱ्यांत चार-पाच-सहा वर्षांचे, ऐन तारुण्यातले घोडे पुष्कळ असतात. ते शिकलेले असतात, यात वाद नाही. पण काय शिकलेले? पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी, आखूड रिकिबींवर अधांतरी उभा. लगाम ताणला की त्या ताणावर तोंड टेकून घोडा आणखी जोर लावतो. आता नवशिका स्वार घाबरल्यावर काय करतो ते आठवा: लगाम आवळतो, पुढे वाकतो, पडू नये म्हणून टाचा बरगड्यांत रोवतो. त्याला म्हणायचं असतं ‘थांब’, घोड्याला ऐकू येतं ‘पळ’.

वर चढण्याचंही तेच. जॉकीला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, पाय धरून वर फेकतो, बहुतेकदा घोडा चालत असतानाच. साठीतला माणूस रिकिबीत पाय अडकवतो, दोनदा उसळी मारतो, खोगीर एका बाजूला ओढतो आणि शेवटी धप्पकन बसतो. तेवढा वेळ खांबासारखं उभं राहायला या घोड्याला कुणी शिकवलेलंच नसतं. शिवाय पुढच्या पायांच्या नळीमागची कंडरा चाचपून बघा. एका पायाची जाड किंवा गरम लागली, तर घोडा स्वस्त का निघाला ते कळेल. चांगल्या माणसाच्या हाताखाली वर्षभर नव्याने घडवलेले रेसचे घोडे गुणी निघतातही, पण मग ते स्वस्त राहत नाहीत.

‘चार दाती घ्या, दोघं बरोबर शिकाल.’ घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात. म्हणजे चार दाती घोडा साडेतीन वर्षांचं पोर. समोरून उडालेली प्लॅस्टिकची पिशवी काय प्रकार आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि तो बुजला तर काय करायचं हे स्वाराला ठाऊक नाही. साठीतल्या नवशिक्याने दहा ते अठरा वर्षांचा घोडा बघावा. घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो आणि नीट राखला तर विशीतही हलकं काम करतो. बाजारात अशा जनावराकडे ‘उतरलेलं’ म्हणून कुणी बघत नाही. तुम्ही नेमकं तेच बघा. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर एक उभी खाच असते. ती दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला दाताच्या अर्ध्यापर्यंत येते, विसाव्याला टोकाला भिडते. हा अंदाजच आहे, पण ‘आठवं चालू आहे, साहेब’ यापेक्षा बरा.

देवमण, पंचकल्याणी, खोडीचे (अशुभ मानलेले) भोवरे: यांनी बाजारात किंमत वरखाली होते. स्वभाव होत नाही.

नाचकामाचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण नाचणारा घोडा दिसतो फार आज्ञाधारक. हे नाचकाम बऱ्याचदा चाबूक आणि जाच देणाऱ्या लगामाच्या जोरावर बसवलेलं असतं. काटेरी लगामावर तर 1965 च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या नियमांतच बंदी आहे, तरी तो वापरात दिसतो. ज्या घोड्याला लगामाचा झटका म्हणजे ‘पुढचे पाय उचल’ असं कळतं, त्याच्या तोंडावर तोल सांभाळायला लोंबकळणारा नवशिका बसवून बघा. म्हणजे, बसवू नकाच. वरातीचा घोडा फटाक्यांना बुजत नाही आणि माथेरानचा घोडा पर्यटकाला मुकाट वाहून नेतो हे खरं, पण दोघांचंही लक्ष खाली चालणाऱ्या माणसाकडे असतं. तो माणूस बाजूला झाल्यावर घोडा काय करतो ते वेगळं तपासावं लागतं.

नर आणि चेतक? हळदीघाटीत चेतकाच्या पाठीवर महाराणा प्रताप होते. शेजारून माजावरची घोडी गेली तर नराला आवरायला तशीच मांड लागते. नवशिक्याला हवा खच्ची केलेला, म्हणजे अख्ता घोडा. मारवाडीवाले पैदाशीच्या आशेने नर सहसा अख्ता करत नाहीत, त्यामुळे शोधावा लागेल. नाहीतर वयाने पोक्त घोडी बघा.

कमी उंचीचा सल्ला गणितात नापास होतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी भरावं, असा सर्वसाधारण आडाखा आहे. ऐंशी किलोचा माणूस आणि आठ-दहा किलोचं खोगीर म्हटलं की घोडा साडेचारशे किलोचा लागतो. सडपातळ मारवाडी त्याहून हलका असू शकतो, तट्टू तर नक्कीच. त्यात नवशिक्याचं वजन एका जागी राहत नाही, ते पाठीवर आपटत असतं. पाठ दुखणारा शांत घोडाही एक दिवस कंबर उडवतो. पडण्याची भीती असेल तर डोक्यावर हेल्मेट घाला आणि चढायला भक्कम ओटा ठेवा. मेसेजमध्ये या दोन्हींचं नाव नाही.

रेवालचं मात्र बरोबर. दुडकीत कंबरेला बसणारे हिसके त्या चालीत जवळपास नसतात, आणि पन्नाशी-साठीच्या मणक्याला याचं मोल फार. फक्त बाजारात रेवाल दाखवतात ती भरधाव वेगात. तुम्ही ती सावकाश करून मागा.

घोडा बघायचा कसा, यावर मेसेज गप्प आहे. खरं तर तिथेच सगळं ठरतं. न कळवता जा. आधीच घामेजलेला, दमवलेला, उपाशी किंवा गुंगीचं औषध दिलेला घोडा कुणालाही शांत वाटतो; नजर जड, खालचा ओठ लोंबता आणि मान पडलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, शंका वाटली तर रक्त तपासून घ्या. मोकळा घोडा धरायला किती वेळ लागतो, खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना तो कान मागे टाकून चावायला येतो का, चारही पाय उचलून देतो का, ते बघा. आधी मालकाला बसायला सांगा. तो ‘आज कंबर धरली आहे’ म्हणाला तर तुम्हीही बसू नका. मग तुमच्या शिक्षकाला बसवा आणि मुद्दाम चुका करायला सांगा: लगाम लोंबता सोडायचा, मधेच खेचायचा, एकीकडे कलायचं, टाच चुकून लावायची. कामाचा घोडा अशा वेळी मंदावतो किंवा थांबतो. तेवढं दिसलं की मग तुम्ही, आणि तेही सोबतच्या घोड्यांपासून लांब, एकट्याने. सौदा पटला तरी डॉक्टरची तपासणी आणि ग्लँडर्सचा निगेटिव्ह दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावं लागतं.

राहता राहिला ‘क्लबात पैसे घालवू नका’. तुम्हाला हवा तो घोडा बहुधा क्लबातच उभा असतो: रोज नवशिके ज्याच्या पाठीवर आदळतात आणि तरी जो दुडकीच्या वर जायला नाखूश असतो. तो विकायला क्लब सहजी तयार होणार नाही. मग महिन्याचे पैसे ठरवून आठवड्यातले ठरावीक वार तोच घोडा मागून घ्या. चारा, खुराक, दर सहा-आठ आठवड्यांनी येणारा नालबंद आणि रात्री दोनला पोटशूळ उठला तर डॉक्टरसाठी धावाधाव, हे सगळं क्लबाच्याच गळ्यात राहतं.