घर एका पगाराचं, सह्या दोघांच्या

"त्याचं शिक्षण पुरं होऊ दे, मग घराचं बघा." माहेरी, सासरी, ऑफिसात, अगदी लग्नाच्या पंगतीतही मी हे ऐकलंय. नवरा गोवा विद्यापीठात पीएचडी करतोय, पगार माझा एकटीचा. तरी आम्ही फोंड्यात टूबीएचके घेतला. माझं मत विचाराल तर थांबायचंच असेल तर बचत जमेपर्यंत थांबा, दुसऱ्या पगारासाठी नको.

कारण दुसरा पगार मनात धरला की घरही मोठं दिसायला लागतं. साइटवरचा माणूस लगेच म्हणतो, "सर नोकरीला लागले की हप्त्याचं काही वाटणार नाही, मॅडम." सर कधी लागणार? थिसिस कधी संपणार हे त्याच्या गाइडलाही सांगता येत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला जातो. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 40 लाख घेतले तर हप्ता साधारण 34,700 आणि नुसतं व्याज 43 लाखांच्या वर. 30 लाखांना हाच हप्ता 26 हजारांवर येतो. आम्ही आधी हप्ता ठरवला, मग घर शोधलं.

पणजीजवळची पर्वरी आणि विद्यापीठालगतचं ताळगाव तिथेच बाद झालं. नवरा विद्यापीठात कदंबाने, म्हणजे इथल्या एसटीने, जातो, कुरकुरतो, पण बसमध्ये वाचून होतं म्हणतो (खरं तर झोपतो). आणि त्या बाजूला बघितलं ते सगळं सुट्टीला येणाऱ्यांसाठी बांधलेलं. स्विमिंग पूल आहे, जुलैत कपडे वाळत घालायला जागा नाही. त्या स्विमिंग पूलचा मेंटेनन्स मात्र बाराही महिने.

बँकेने त्याची फेलोशिप उत्पन्नात धरली नाही. राग आला, पण त्यामुळे आकडा आवाक्यात राहिला हेही खरं. रोख रकमेचं गणित आधीच करा. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ते सगळं आपल्या खिशातून.

आता सगळ्यांच्या आवडीचा प्रश्न: "घर कोणाच्या नांवार?" कोल्हापूरच्या मावशीने तर बजावलं, "पैसे तुझे, नाव तुझं एकटीचंच घाल." मावशीला गोव्याचा कायदा ठाऊक नाही. इथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलंय की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. घर एकाच्या नावावर असलं तरी दुसऱ्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. माझ्या सासूबाईंनी कधी नोकरी केली नाही, पण सासऱ्यांनी डिचोलीची जमीन विकली तेव्हा त्यांच्या सहीशिवाय खत झालं नाही. तेव्हा घरात सगळ्यांना तो कायदा फार चांगला वाटला होता. आता निम्मा वाटा शिकणाऱ्या नवऱ्याचा आहे म्हटल्यावर मात्र भुवया उंचावतात. मी शिकत असते आणि तो हप्ते भरत असता, तर नाव कोणाचं हे कोणी विचारलं असतं का? मला तरी हा नियम न्याय्य वाटतो. घरात बसून थिसिस लिहिणारा माणूस स्वयंपाकही करतो, गॅसवाल्याला दारही उघडतो.

घेणाऱ्याला मात्र हाच कायदा घाम फोडतो. एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा), सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), ऑक्युपन्सी (राहायला परवानगीचा दाखला) हे सगळेच बघतात. पण इथली जुनी जमीन म्हणजे चार भावंडं आणि त्या चौघांचे जोडीदार. विक्रीखतावर प्रत्येकाची सही लागते, आणि त्यातला एखादा हमखास परदेशात. आमच्या इमारतीच्या जमिनीच्या खतावर एका भावाच्या बायकोची सही नव्हती, आमच्या वकिलांनी ती पकडली. तिचं मुखत्यारपत्र पोर्तुगालहून येईपर्यंत टोकनच्या पुढे आम्ही रुपया दिला नाही. बिल्डर चिडला. चिडू दे. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर त्याला घेताही येत नाही.