‘हवे तसे नाचा’ म्हटल्यावर मुले काय नाचतात

डिसेंबर जवळ आला की मुंबईतल्या बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते आणि जूनपासून वेळापत्रकात नुसताच छापलेला नृत्याचा तास अचानक रोज होऊ लागतो. बाहेरून नृत्यदिग्दर्शक येतात, प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला एक गाणे येते, कपडे भाड्याने ठरतात, ताल चटकन सापडणारी मुले पुढच्या रांगेत आणि बाकीची मागे जातात, आणि आठ वर्षांच्या मुली चित्रपटातल्या लावणीचे मुरके हुबेहूब मारून टाळ्या मिळवतात. या प्रकाराविरुद्ध आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत गेली नऊ वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना सर्जनशील नृत्य, म्हणजे आपल्या हालचाली आपणच शोधून रचायचा नाच, शिकवते, आणि मला लिहायचे आहे ते आमच्या, म्हणजे या प्रकाराला नाके मुरडणाऱ्यांच्या, चुकीबद्दल.

आमचे म्हणणे साधारणपणे असे असते की मुलांना स्टेप्स शिकवू नका, त्यांना मोकळे सोडा, हवे तसे नाचू द्या. पहिली दोन वर्षे मीही हेच केले. बाके भिंतीला लावायची, गाणे लावायचे आणि ‘नाचा’ म्हणायचे. त्यातून काय निघाले? ज्या स्टेप्स टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, नेमक्या त्याच. मोकळे सोडलेले मूल पाहिलेले तेच करते, कारण ‘हवे तसे’ या शब्दांत त्याला धरायला काहीच नसते. त्यातही चारदोन धीट मुले मधोमध नाचतात आणि उरलेली बाकांना टेकून तास संपण्याची वाट पाहतात. हे स्वातंत्र्य नव्हे, हा शिक्षकाचा आळस आहे, आणि तो मी दोन वर्षे केला.

वळण मिळाले ते जुलैतल्या एका तासाला. बाहेर धो धो पाऊस, म्हणून तिसरीच्या मुलांना म्हटले, पाऊस दाखवा. चाळीसच्या चाळीस जणांनी हात वर करून बोटे नाचवत खाली आणली. बालवाडीत घोटलेला तो पाऊस मी इतक्यांदा पाहिला होता की वैतागून मी सर्वांना हाताची घडी घालून हात पाठीशी ठेवायला सांगितले आणि म्हटले, आता पाऊस दाखवा. वर्ग गोंधळला. मग एकीने खांदे एकेक करून खाली टाकले, टप, टप. एकाने मान सैल सोडून ती छातीवरून घरंगळू दिली. मी फळ्यावर पाण्याची क्रियापदे लिहीत गेले: टपकणे, ओघळणे, झिरपणे, उसळणे, साचणे. ‘बाई, तुंबणे राहिलं,’ मागून आवाज आला. पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंदमाताच्या आसपास राहणाऱ्या मुलांना हा शब्द सुचावा यात नवल नाही. ज्याला सुचला त्याने तो करूनही दाखवला: पाय जमिनीत रुतलेले, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि तिथून कमरेपर्यंत चढत जाते तसा प्रत्येक अवयव जड होत गेला आणि शेवटी डोळ्यांची उघडझापही मंदावली. तोवर या मुलाने माझ्या तासाला काही केल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर मी त्याला पुन्हा अगदी तसेच करायला सांगितले, आणि माझ्या मते नृत्याचे शिक्षण इथून सुरू होते. एकदा सुचलेले दुसऱ्यांदा जसेच्या तसे करायचे तर मुलाला आपण काय केले हे आठवावे लागते, कुठून सुरुवात, कुठे थांबणे हे ठरवावे लागते. धुडगूस आणि रचना यांतला फरक त्याला बोलून समजावण्याची गरज उरत नाही. अर्धा वर्ग करतो तेव्हा अर्धा वर्ग पाहतो, आणि पाहणाऱ्यांना ‘छान’ हा शब्द वापरायला मनाई आहे. काय दिसले ते सांगायचे. ‘त्याचा उजवा गुडघा आधी गेला’ हे चालेल.

यात माझा शोध काहीच नाही. युरोपातले नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांनी हालचालीचा विचार वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह या अंगांनी केला, त्यातून दाबणे, पिळणे, झटकणे, तरंगणे अशा आठ मूळ क्रिया वेगळ्या काढल्या आणि १९४८ साली इंग्लंडमधल्या शिक्षकांसाठी शालेय नृत्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात शास्त्रीय शैलींच्या बरोबरीने उत्स्फूर्त रचनेचाही वर्ग असे. तिथे घडलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला आणि नर्तकांनी कठपुतळ्यांसारखेच हलायचे, एवढ्या एका बंधनावर अख्खे रामायण उभे केले. कठपुतळीचे सांधे मोजके, म्हणून प्रत्येक हालचाल नव्याने शोधावी लागली. मी स्वतः भरतनाट्यम् शिकले आहे आणि अलारिप्पूमध्ये, म्हणजे त्यातल्या सुरुवातीच्या रचनेत, डोळे, मान, खांदे असे एकेक अंग कसे सुटत जाते हे मला लहानपणापासून पाठ होते. वर्गात मात्र ते आठवायला मला दोन वर्षे लागली.

आपल्या शहराने एक बंधन फुकटच दिलेले आहे, ते जागेचे. माझ्या वर्गातली कितीतरी मुले बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढली आहेत. ‘हात पूर्ण पसरा’ म्हटल्यावर यांची कोपरे आधी अंगाला चिकटतात, कारण घरात हात पसरला की तो कुणाला तरी लागतो. मात्र धक्का न लागू देता गर्दीतून वाट काढण्यात ही मुले इतकी तरबेज आहेत की एखाद्या नृत्यसंस्थेने हेवा करावा. (दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता आपण मोठेही हेच करतो, फक्त चेहरे पाडून.) म्हणून मी त्यांना आधी एका फरशीवर मावणारा नाच करायला लावते, मग चार फरश्यांवरचा, मग वर्गभराचा. जोडीसाठी फुगडी आहेच; समोरच्याने आपले वजन धरले नाही तर दोघेही पडतात, हे त्यांना एका गिरकीत कळते. मुलगे पहिल्यांदा ‘हा मुलींचा खेळ’ म्हणून हटून बसतात, पण दोन तासांनी त्यांना थांबवणे अवघड होते.

नोंदवहीचे काय, असे सहकारी विचारतात. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि वर्णनात्मक नोंदींत ‘नृत्यात आवडीने सहभागी होतो’ हे एकच वाक्य चाळीस नावांपुढे उतरवलेले मी पाहिले आहे. मीही उतरवले आहे. आता मी ‘हात न वापरता तीन हालचालींची रचना केली, दुसऱ्यांदा क्रम चुकला’ असे लिहिते. वेळ जास्त जातो, हे खरे.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो: संमेलनात काय दाखवणार? मागच्या वर्षी तिसरीला सहा मिनिटे मिळाली तेव्हा मी ‘तुंबणे’ दाखवायचे ठरवले, गाण्याशिवाय, फक्त पायांच्या आणि श्वासाच्या आवाजावर. गाणे नसेल तर लोक उठून जातील, असे शाळेचे मत पडले. बरीच घासाघीस होऊन गाणे लावायचेच ठरले, मात्र कधी ते कुणी ठरवले नव्हते. आम्ही ते मुले नाच संपवून रांगेने बाहेर पडताना लावले.