वरून एकच फोटो

हेलिकॉप्टर म्हणजे काय, हे बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. निवडणूक जाहीर झाली की कुठल्या तरी कॉलेजच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीचे वर्तुळ आखले जाते, पोलीस बायाबापड्यांना दोरीच्या मागे सारतात आणि मग नेत्यापेक्षा हेलिकॉप्टरच पाहायला जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांत यथेच्छ धूळ फेकून ते खाली उतरते. पुढच्या भाषणात जे व्हायचे असते त्याची ही रंगीत तालीम असते, असे आमच्या शहापुरातले एक जाणते गृहस्थ म्हणतात. सांगायचा मुद्दा असा, की हेलिकॉप्टरचे आम्हांला अप्रूप असले तरी भीती नाही. भीती बाळगायचीच असेल तर ती त्यात कॅमेरा घेऊन बसण्याची बाळगावी, आणि त्यातही गिऱ्हाइकाच्या नातेवाइकांसह बसण्याची.

माझा शहापुरात फोटो स्टुडिओ आहे. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांना सगळे जण अण्णा म्हणतात, आपल्या मुलीचे लग्न मॉरिशसला करायचे ठरवले आणि फोटोंचे काम मला दिले. ड्रोनचा खर्च किती धरू, असे मी विचारले तेव्हा अण्णांनी हात झटकला.

"ड्रोन नको ओ. ड्रोन आमच्या भाऊबंदाच्या पोराच्या लग्नात पण उडाला की. आपल्याला हेलिकॉप्टर पायजे. सगळ्या बेटाचा वरून एकच फोटो काढा, पण असा, की दुकानात आल्या माणसानं बघतच राहिलं पायजे."

सगळे बेट एका फोटोत मावत नाही, हे त्यांना पटवता पटवता चहा दोनदा आला. शेवटी तडजोड झाली ती ल मॉर्नवर. बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात समुद्रात शिरलेल्या एका द्वीपकल्पावर हा ५५६ मीटर उंचीचा काळा कातळ उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याजवळच्या समुद्रात तो प्रसिद्ध 'पाण्याखालचा धबधबा' दिसतो. दिसतो एवढेच, तो असत नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ तळावरची वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल समुद्राच्या कड्यावरून खाली ओढला जातो आणि त्याचे पांढरट पट्टे वरून पाहणाऱ्याला कोसळत्या पाण्यासारखे भासतात. किनाऱ्यावर उभे राहिले तर यातले काहीही दिसत नाही, त्यामुळे हेलिकॉप्टरच्या भाड्याला एक शास्त्रीय आधार मिळाला आणि अण्णा खूश झाले.

लोकांचा समज असा आहे की वर गेले आणि बटण दाबले की फोटो होतो. खडेबाजारात मला भेटणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. प्रत्यक्षात वर जाण्याच्या कितीतरी आधी भांडण सुरू होते ते उन्हाशी. लग्नाच्या फोटोंना सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन लागते, हे आमच्या धंद्यातले शेंबडे पोरही सांगेल. पण उथळ समुद्राचा हिरवा-निळा रंग हवा असेल तर सूर्य चांगला वर आलेला असावा लागतो, कारण तेव्हाच प्रकाश पाण्यात उतरून तळाच्या पांढऱ्या वाळूवरून परत येतो. तिरप्या उन्हात पाण्याच्या पाठीवर नुसती चकाकी मिळते. आता दुपार म्हणजे आपल्याकडे अक्षता टाकायची वेळ. मुहूर्त सोडून नवरीचे वडील आकाशात गेले तर भटजी काय म्हणतील, हा प्रश्न उभा राहिला आणि उड्डाण लग्नाच्या दुसऱ्या दिवसावर ढकलले गेले. शिवाय दिवस मे महिन्याचे होते. बेळगावात वळिवाची वाट पाहायची वेळ, आणि तिकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिवाळ्याची चाहूल. तिथला मे महिन्यातला दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, आणि धबधबा पुढे व डोंगर मागे अशी अण्णांना हवी असलेली चौकट साधायची तर समुद्रावरून उत्तरेकडेच तोंड करावे लागते. थोडक्यात, निसर्गाने माझ्यासाठी सूर्य नेमका समोर आणून ठेवला होता.

दुसरे भांडण कपड्यांचे. काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून हेलिकॉप्टरमध्ये गडद, शक्यतो काळे कपडे घालावेत, असा नियम आहे. लग्नघरात मी काळा शर्ट घालून आल्याचे पाहताच वैनींनी कपाळाला हात लावला. "अजून हळद उतरली नाही पोरीची, आणि हे काय ओ घालून आलात?" त्यांना प्रकाशाच्या परावर्तनाविषयी सांगण्याचा प्रयत्न मी केला, पण परावर्तन आणि अपशकुन यांच्या सामन्यात परावर्तन नेहमीच हरते. माझा शर्ट कसाबसा मंजूर झाला. अण्णांनी मात्र खळ घातलेला पांढराशुभ्र सदरा आणि तसाच पायजमा सोडायला साफ नकार दिला.

हेलिपॅडकडे नेणारा ड्रायव्हर मराठी बोलला. त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला आलेले. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जात, त्यांतलेच ते. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, असे त्याने अभिमानाने सांगितले. नवरीचे मामा मागच्या सीटवर एकदम ताठ झाले. महाराष्ट्राच्या बाहेर मराठी माणसे, घरात मराठी, दप्तरात दुसरी भाषा, हे सगळे ऐकून त्यांनी निकाल दिला, "म्हणजे हा पण सीमाभागच की!"

हेलिपॅडवर प्रत्येकाचे वजन करतात. हेलिकॉप्टरचा सगळा भार वरच्या पात्यांच्या दांड्याखाली तोललेला असतो, त्यामुळे कोण किती वजनाचे आणि कुठे बसणार हे आधी ठरवल्याशिवाय ते जमीन सोडत नाही. मामांनी काट्यावर चढण्यापूर्वी पायांतल्या चपला काढल्या, किल्ल्यांचा जुडगा, पानाची चंची आणि खिशातली नाणी वैनींच्या हातात दिली, मग काट्यावर उभे राहून पोट आत ओढून धरले. काऊंटरवरच्या मुलीने अत्यंत नम्रपणे त्या सर्व वस्तू परत त्यांच्या हातात ठेवल्या, कारण त्याही वर जाणार होत्या. अण्णांचा तर जन्म दुसऱ्याचा माल जोखण्यात आणि वजनातून कडता कापण्यात गेलेला. ते काट्यावर उभे राहिले, आकडा पाहिला आणि मला म्हणाले, "कडता किती धरतात, विचारा जरा."

त्यानंतर टोपीचा प्रश्न आला. फोटोसाठी माझ्या बाजूचे दार काढून ठेवायचे ठरले होते, आणि दार नसले की आतली कुठलीही सुटी वस्तू वाऱ्याने उडून मागच्या पंख्यात जाऊ शकते. तसे झाले तर फोटोचाच काय, कुठलाच विषय शिल्लक राहत नाही. म्हणून माझ्या लेन्सचा हूड काढला गेला, कॅमेरे पट्ट्यांनी अंगाला बांधले गेले, वर लेन्स बदलायची नाही म्हणून दोन कॅमेऱ्यांना दोन लेन्स आधीच लावल्या गेल्या. मामांच्या डोक्यावरच्या गांधी टोपीशी मात्र कुणाचे काही चालेना. व्याह्यांच्या देखत उघड्या डोक्याने फिरायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. व्याही हॉटेलात झोपले आहेत, हे पुन्हा पुन्हा सांगितल्यावर त्यांनी टोपीची काळजीपूर्वक घडी घातली, ती सदऱ्याच्या आतल्या बंडीच्या खिशात ठेवली, वर बटण लावले आणि त्यावर हात ठेवूनच ते हेलिकॉप्टरमध्ये चढले. तो हात नंतर माझ्या दंडावर आला, तेव्हा टोपी जागच्या जागी असणेच बरे होते असे मला वाटले.

बसण्याची व्यवस्था वजनाने ठरवली, मानाने नाही. पुढे उजवीकडे वैमानिक, डावीकडे अण्णा. मागे डाव्या उघड्या दाराशी मी, मध्ये मामा, उजव्या खिडकीला वैनी. दार डावीकडचे, म्हणजे जे काही दिसायचे ते डावीकडे दिसणार, म्हणून वैमानिकाला डावीकडे झुकत घिरट्या घालाव्या लागतात. पण तो बसतो उजवीकडे, त्यामुळे हेलिकॉप्टर डावीकडे कलले की फोटोचा विषय त्यालाच नीट दिसत नाही. मग मी हेडसेटमधून सांगायचे, थोडे पुढे, थोडे खाली, आता वळवा. ही रचना उत्तम आहे. फक्त हेडसेट सगळ्यांच्याच कानांवर असतात आणि सगळ्यांचेच बोलणे सगळ्यांना ऐकू जाते, हे मामांच्या लगेच ध्यानात आले.

"ती बघा होडी! ती दुसरी! हा ऊसच की ओ सगळा! आमच्या चिकोडीकडं असतोय तसाच! कारखाना कुठाय?"

वैमानिकाने दोनदा मला विचारले, की मागच्या गृहस्थांना परत उतरायचे आहे का. मी नाही म्हटले. तिसऱ्यांदा त्याने काही न विचारता समोरची एक कळ फिरवली आणि मामा आमच्या कानांतून नाहीसे झाले. त्यांचे ओठ मात्र शेवटपर्यंत हलत होते. खाली उतरल्यावर त्यांनी वैमानिकाचे फार कौतुक केले. माणूस गुणी आहे, म्हणाले. एकदासुद्धा मध्ये तोंड घातले नाही.

हेलिकॉप्टर सतत थरथरत असते. त्यासाठी शटर सेकंदाच्या एक हजारांशाच्याही पुढे, मी तर दोन हजारांशावर ठेवतो. आणि कोपर किंवा लेन्स कुठेही टेकवायची नाही, नाहीतर सगळी थरथर फोटोत उतरते. कॅमेरा हवेत, अंग सैल, असे बसायचे. वैमानिकाने पहिला कल दिला, पायांखालची जमीन उघड्या दारातून थेट दिसू लागली आणि मामांनी दोन्ही हातांनी माझा उजवा दंड धरला. त्यांची नाडी माझ्या कॅमेऱ्यापर्यंत पोचत होती. शटरचा वेग किती ठेवला असता म्हणजे नवरीच्या मामांचा हिशेब त्यात बसला असता, याचे उत्तर कुठल्याही माहितीपुस्तकात नाही.

पाण्यावरची चकाकी मारायला मी पोलरायझर लावला होता. त्याची कडी फिरवत फिरवत एका ठिकाणी चकाकी नाहीशी होते आणि तळ दिसू लागतो. पण हेलिकॉप्टर घिरटी घालत असल्याने सूर्याशी असलेला कोन दर क्षणाला बदलतो. कडी जमली म्हणेपर्यंत ती पुन्हा जुळवावी लागते, आणि कडी फिरवायचा हात मामांच्या ताब्यात. शिवाय हा फिल्टर प्रकाश खातो, म्हणजे शटर मंद करावे लागते, म्हणजे थरथर परत आली. कुठल्याही समितीच्या बैठकीत जसे एकाचे ऐकले की दुसरा उठून उभा राहतो, तसे हे आहे.

तरीही एका घिरटीत सगळे जुळून आले. डोंगराचा काळा कडा मागे, पुढे फिकट हिरवे पाणी, त्यातून वाळूचे पांढरे पट्टे एकत्र येत येत अरुंद होत गेलेले, आणि मग एका कडेवर तो रंग अचानक संपून थेट गडद निळा अंधार. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषते, निळा सर्वांत शेवटी. म्हणून जिथे तळ हाताशी तिथे हिरवट आणि जिथे तळच नाही तिथे हा रंग, हे मला पाठ होते. पाठ असून उपयोग झाला नाही. पोटात खड्डा पडला. मागच्या त्या काळ्या डोंगरकड्यावर अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत, म्हणूनच २००८ साली युनेस्कोने तो जागतिक वारसा ठरवला. पाण्याच्या अंगाने तो पाहिला, की लपायला हीच जागा का निवडली असेल ते कळते. मी बटण दाबत राहिलो.

तेवढ्यात पुढून अण्णा वळले. "मी पण येऊ दे की त्यात!" लग्नाच्या फोटोग्राफरला या वाक्याची सवय असते, पण आतापर्यंत ते वाक्य बोलणारा माणूस जमिनीवर असे. त्यांना आणणे शक्य नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर समोरच्या काचेतून फोटो काढले. त्या सगळ्या फोटोंत जागतिक वारसा आहे आणि त्यावर डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेला एक खळ घातलेला सदरा आहे. सदऱ्याची बटणेसुद्धा मोजता येतात.

खाली आल्यावर वैनी पहिल्यांदा बोलल्या. त्यांनी वर असताना ना फोटो काढला होता, ना कुणाला धरले होते. "ती पांढरी रेघ सगळ्या बाजूनं जातीया बघा," त्या म्हणाल्या, "आणि लाटा तिच्या बाहेरच फुटतात. आत पाणी नुसतं निवांत." बेटाला जवळजवळ चोहोबाजूंनी वेढणारी प्रवाळाची भिंत आणि तिच्या आतले खाजण, हे सगळे भाड्याच्या एका रुपयाचीही उधळपट्टी न करता पाहिलेली ती एकटीच बाई. आमच्यापैकी कुणी ती रेघ पाहिली नव्हती. मी चौकटीत होतो, अण्णा काचेत आणि मामा माझ्या दंडात.

फोटो चांगला आला. मोठा करून, जाड चौकटीत बसवून मी स्वतः निपाणीला नेला आणि गादीच्या वरच्या भिंतीवर लावू लागलो. दुकानात गोकाककडचा एक शेतकरी बसला होता. त्याने बराच वेळ फोटो पाहिला आणि हे काय, असे विचारले. अण्णांनी उत्साहाने सगळी हकीकत सांगितली. वाळू, प्रवाह, कडा, खोली, सगळे.

"म्हणजे पाणी पडतच नाही?"

"नाही. तसं दिसतंय."

"आणि वाळू हलल्याली तरी दिसती काय?"

"एवढ्या वरनं कशी दिसणार?"

"मग एवढ्या लांब कशाला गेलासा अण्णा? आमच्या गोकाकात घटप्रभा पावसाळ्यात पावणेदोनशे फुटावरनं खरंच पडती की. आणि यष्टी जाती तिथं."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि चौकट डाव्या बाजूला जरा खाली गेली आहे ती आधी सरळ करा, असे मला सांगितले.