काच झाली, पुढे?

अणुऊर्जेवरच्या लेखात म्हटलंय, आपण अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातला कामाचा भाग परत काढून घेतो, त्यामुळे अणुकचऱ्याचा प्रश्न सुटल्यातच जमा. अहो, कचरा कमी होतो, संपत नाही! उरलेलं जहाल किरणोत्सारी द्रावण वितळलेल्या काचेत मुरवून स्टीलच्या डब्यांत भरतात आणि तारापूरला हवेवर थंड होत ठेवतात, तेही कित्येक दशकं. काम चोख आहे, त्यात वाद नाही. पण नंतर हे डबे पुरायचे कुठे? फिनलंडने अणुकचरा पुरायला ओल्किलुओतो बेटावर खडकात ४०० मीटरहून खोल बोगदे खणले. आपल्याकडे जागाच ठरलेली नाही, आणि जैतापूरला १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा घाट! तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण, अक्करपट्टी ही गावं उठवताना मात्र जागा बरोब्बर सापडली होती.