‘ना आजीची, ना विज्ञानाची’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

आपल्या प्रतिक्रियेला तिथेच खाली उत्तर लिहायला बसले होते. ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकते आहे.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोखाडा-जव्हारकडची नववीची मुलं गावातल्या जाणत्यांबरोबर बसून जंगलाची, शेताची नोंदवही करतात आणि त्यातल्याच गोष्टी विज्ञानाच्या तासाला तपासून पाहतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी, नाव न देता, लिहिलं की हे आदिवासी जीवनाचं उदात्तीकरण आहे, जगात कुठे असं शिकवलं जात असल्याचं लेखात दिसत नाही, या मुलांना नीट-जेईईची तयारी हवी, आणि या ज्ञानाची मालकी कुणाची याचा विचार केलेला नाही. शिवाय एक वाक्य असं: “आजीच्या गोष्टींना प्रयोगवहीत जागा दिली की मुलं ना धड आजीची राहतात, ना विज्ञानाची.”

आधी सुरात काय खटकलं ते सांगते. आपण सुरुवात केलीत ‘ताई, आपल्या भावना समजू शकतो’ अशी आणि शेवट केलात ‘आपला उत्साह टिकून राहो’ असा. सर, त्या लेखात मी भावना लिहिल्या नव्हत्या. राबाच्या, म्हणजे पेरणीआधी वाफा भाजण्याच्या, प्रयोगाचे दोन वाफे, तणाची मोजणी, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या लिहिल्या होत्या. यातल्या एकाचाही उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत नाही. लेख अर्धा वाचून आपण लिहिलंत असं मला वाटतं, आणि त्याचा राग आला आहे. तो लपवून गोड लिहिणं मला जमणार नाही.

आता ते वाक्य. ते आपण सहज लिहिलं असेल, पण मी ते लहानपणापासून ऐकत आले आहे.

मी महादेव कोळी घरातली. ज्येष्ठात पहिली सर पडायच्या आसपास आमच्याकडे शेवळं ही रानभाजी उगवते. आई ती निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकायची, बाकीची बारीक चिरायची आणि काकडांबरोबर, म्हणजे आंबट रानफळांबरोबर, शिजवायची. काकडं नसतील तर चिंच, पण आंबटाशिवाय शेवळं चुलीवर चढायची नाहीत. कुणी घाई केली तर घसा असा खवखवायचा की दोन घास पुढे जात नसत. आश्रमशाळेत मी एकदा या भाजीचं नाव घेतलं तेव्हा गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर ‘जंगलातलं खाणं जंगलात ठेवायचं’ असं सुनावलं. त्यानंतर मी शाळेत घरच्या जेवणाबद्दल कधी बोलले नाही.

पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला अळूच्या पेशींतल्या सुया दाखवल्या. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक, रॅफाइड्स. मी आकृती काढली, नावं दिली, गुण मिळवले. पण हेच स्फटिक आमच्या शेवळांत असतात आणि माझा घसा त्यांनीच धरला होता, हे मला कुणी सांगितलं नाही. अळू आणि शेवळं एकाच कुळातली. माझं मलाच ते कळायला पदवी संपावी लागली. आजीची गोष्ट प्रयोगवहीबाहेर ठेवली की काय होतं याचा पुरावा मी स्वतः आहे, सर. मला दोन्ही गोष्टी येत होत्या, पण एकीचा दुसरीशी संबंध आहे हे माहीत नव्हतं.

आमच्या वर्गात मुलांनी काय केलं ते पुन्हा लिहिते, कारण आपण ते वाचलेलं नाही. त्यांनी कच्च्या शेवळाचा पातळ काप काचपट्टीवर ठेवून पाहिला. सुया दिसल्या. मग काकडात शिजवलेल्या भाजीतला काप ठेवला. मुलांचा अंदाज होता की आंबटाने सुया विरघळल्या असतील. इंटरनेटवरही बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं. पण सुया जागच्या जागी होत्या! एका मुलीने विचारलं, मग खाज गेली कुठे? मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं. कॅल्शियम ऑक्झॅलेट सौम्य आम्लात फारसं विरघळतच नाही. आणि अळूवर्गीय कंदांवर झालेल्या संशोधनात असं मांडलेलं आहे की टोचायचं काम सुया करतात, पण खाज येते ती त्यांच्यावर असलेल्या प्रथिनं तोडणाऱ्या द्रव्यामुळे, आणि शिजवल्यावर ते निकामी होतं. मग काकडाचं काम नेमकं काय? तो प्रश्न वर्गात अजून उघडा आहे. नुसतं पाण्यात शिजवलेलं आणि काकडात शिजवलेलं, अशी तुलना या ज्येष्ठात करायची असं मुलांनी ठरवलं आहे. भाजी खाणं आईच्या सांगण्यावर चालूच राहील, तिचं म्हणणं घशाने पिढ्यान्‌पिढ्या तपासलेलं आहे. कारण शोधायचं काम मात्र वर्गाचं.

यातली कुठली मुलं ‘ना धड आजीची, ना विज्ञानाची’ राहिली? मला नेमकं सांगा.

राबाबद्दलही बोलते, कारण तुलनेची सोय नसेल तर कशालाही प्रयोग म्हणू नये, असं आपण शिकवल्यासारखं लिहिलं आहे. आमच्याकडे नाचणीच्या, भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, ऐनाची कवळं (पानांसकट तोडलेल्या कोवळ्या फांद्या), पालापाचोळा, गवत थरांनी रचून वर माती पसरतात आणि जाळतात. हा राब. इंग्रज अमलापासून वनखात्याचा त्याच्यावर राग आहे. ठाणे जिल्ह्यातला राब हा 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढचा एक मोठा वादाचा विषय होता. शेतकरी म्हणत राबाशिवाय रोप येत नाही, अधिकारी म्हणत झाडं ओरबाडली जातात. मुलांनी शेजारी शेजारी दोन वाफे केले, एकावर राब, दुसरा तसाच. बियाणं तेच, पेरणीचा दिवस तोच. बांबूच्या कामट्यांची चौकट टाकून तिच्या आतलं तण मोजलं. राबाच्या वाफ्यात तण स्पष्टपणे कमी होतं, कारण वरच्या थरातलं तणाचं बी भाजून निघतं. राखेतून पालाश मिळतं, ते वेगळं.

इथे थांबलो असतो तर आपला ‘उदात्तीकरणा’चा आरोप मी मुकाट ऐकून घेतला असता. पण पुढचा प्रश्न मुलांनीच काढला, एका वाफ्याला किती झाडांची कवळं लागतात? ते मोजायला गेल्यावर गावातल्या एका आजोबांनी दाखवलं की जुनी माणसं शेंडा राखून कवळं तोडत आणि एकाच झाडाकडे दर वर्षी जात नसत. आता जवळ झाडं उरली नाहीत, म्हणून तो नेम मोडतो आहे, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे जी रीत मुलं शिकत आहेत ती कुठे मोडली आणि का मोडली, हेही त्यांना ती पाळणाऱ्याकडूनच कळलं. मग काहींनी एका वाफ्यावर कवळांऐवजी भाताचा पेंढा वापरून पाहिला. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात ‘संसाधनांचा शाश्वत वापर’ अशी ओळ असते. ती पाठ करून लिहिता येते, पण तिच्यासाठी झाड मोजायला कुणी जात नाही.

आदिवासींच्या सगळ्याच रीती चांगल्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेखात ते वाक्य असेल तर दाखवा. मोहफुलं वेचायला सोयीचं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात, हे मुलांनी स्वतःच्या गावाबद्दल नोंदवहीत लिहिलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव आपण ऐकलंच असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालत. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एकेक विषय घेत. मधमाश्यांच्या अशाच अभ्यासातून पोळं न जाळता मध काढायची पद्धत तिथे रुजली. चंद्रपूरच्या पाचगावने 2012 साली हक्क मिळाल्यावर तेंदूपानाची तोडच बंद केली, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावाव्या लागतात. हातात आलेला पैसा त्या लोकांनी सोडला. माहिती आणि अधिकार दोन्ही मिळाले की लोक आपली रीत बदलतात. त्यांना भोळं समजून त्यांच्या वतीने काळजी करायची गरज नाही.

एक मान्य करते. भारताबाहेरचं एकही उदाहरण मी दिलं नव्हतं. तर कॅनडात नोव्हा स्कोशियामधल्या केप ब्रेटन विद्यापीठाने मिकमा या तिथल्या आदिवासी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी एकात्म विज्ञानाचा अभ्यासक्रम काढला होता. अल्बर्ट आणि मर्डीना मार्शल हे त्या समाजातले जाणते आणि शेरिल बार्टलेट या जीवशास्त्रज्ञ त्यामागे होत्या. एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानाचं बळ पाहायचं, दुसऱ्याने विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरायचे, ही अल्बर्ट मार्शल यांची मांडणी आज जगभर वापरली जाते. आपल्याकडच्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही आदिवासी ज्ञानाचा उल्लेख आहे. कागदावर का होईना, तो आहे. त्यामुळे ही माझ्या एकटीच्या डोक्यातली लहर आहे, हे आता तरी म्हणू नका.

नीट-जेईईबद्दल मी वाद घालणार नाही. ज्या भागात विज्ञानाला शिक्षक मिळणं हीच अडचण आहे तिथे आठवड्याचे दोन तास शेवळांना दिल्याने डॉक्टर घडायचे थांबले, असं म्हणणाऱ्याने एकदा इथलं वेळापत्रक आणि रिकाम्या जागा बघाव्यात. आपण निकालाची आकडेवारीही मागितली आहे. ती शाळेची आहे, मी इथे टाकणार नाही.

ज्ञानाच्या मालकीचा मुद्दा मोठा आहे, पण तो या लेखाचा विषय नव्हता. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे तिथली झाडं-प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान यांच्या नोंदी, व्हायच्या होत्या. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर कित्येक ठिकाणी त्या घाईने उरकल्या गेल्या. आमच्या मुलांच्या वह्या शाळेत आणि गावात राहतात, औषधी वनस्पतींची पानं जाणत्यांना विचारल्याशिवाय कुणाला दाखवली जात नाहीत. सध्या एवढंच.

पुढे लिहायचं असेल तर नावानिशी लिहा, आणि राबाच्या मोजणीत चूक दिसत असेल तर तीच दाखवा. चौकट किती मोठी असावी, किती ठिकाणी टाकावी, याबद्दल आपल्यासारख्या माणसाने सांगितलं तर मुलं पुढच्या पेरणीला तसं करतील. माझ्या उत्साहाबद्दलच्या शुभेच्छा मात्र पुन्हा पाठवू नका.