दुपारी दोनच्या पाण्याबद्दल

नमस्कार दादा,

तुम्ही सुट्टीवर असताना तुमच्या बागेला पाणी घालायचं काम मी केलं, त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार दिलेत. सुट्टीवरून घरी यावं आणि आपल्या हातानं लावलेली बाग अशी दिसावी, याचं वाईट वाटणारच. मनापासून माफी मागते. झुकिनीची चूक माझीच आहे. १ जानेवारीच्या फेरीत पानाखाली एक फळ राहून गेलं आणि ४ तारखेला बघते तर दुधीभोपळ्याएवढं झालेलं. एक फळ असं जून होऊन राहिलं की वेल नवीन फळ धरायला कचरतो, हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी नजर चुकली. कोथिंबीरही फुलावर यायच्या आधी खुडून ठेवायला हवी होती.

पण तुम्ही लिहिलंय, "ही बाई भर दुपारी दोन वाजता पाणी घालताना कॅमेऱ्यात दिसली. मेलबर्नमध्ये त्या वेळेला पाणी घालायला बंदी आहे, आम्हाला दंड झाला असता. शेतकऱ्याच्या घरची म्हणवते आणि एवढंही कळत नाही." हे वाचल्यापासून घास गोड लागेना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा बेलचा कॅमेरा पुढच्या दाराकडे आहे. बाग मागे आहे. मी प्रत्येक वेळी बाजूच्या गेटनं आले, किल्ली तुम्हीच दिली होती. डिसेंबरची २०, २३, २६, २९ आणि जानेवारीची १ आणि ४, या सहाही दिवशी मी सकाळी सातच्या आत मागच्या अंगणात होते. त्यातली एकही फेरी तुमच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही, कारण तिकडे कॅमेराच नाही.

दुपारी दोनला दिसले ती २६ डिसेंबर, म्हणजे इथला भर उन्हाळा. त्या दिवशीची फेरी मी पहाटेच करून गेले होते. नंतर उत्तरेचा वारा सुटला. इथं राहणाऱ्याला सांगायला नको, भट्टीचं दार उघडल्यासारखा तो वारा आतल्या वाळवंटाकडून येतो आणि संध्याकाळी दक्षिणेचा गार वारा फिरेपर्यंत झाडं नुसती उभी भाजतात. घरी पाहुणे होते, जेवणं व्हायची होती. मला राहवलं नाही. गाडी काढून आले. तुमच्या पायऱ्यांवर कढीपत्त्याची कुंडी होती, काळ्या प्लॅस्टिकची, तिला हात लावला तर चटका बसला. माती कडेनं सुटून आली होती. झारीनं बुडाशी पाणी दिलं, कुंडी उचलून भिंतीच्या सावलीत ठेवली. कॅमेऱ्यात दिसतंय ते हे. त्या कढीपत्त्याला आज नवीन पालवी आहे, तुमच्याच फोटोत मागे दिसते, बघा.

आणि बंदीचं म्हणाल तर आपल्या व्हिक्टोरिया राज्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत बंदी आहे ती स्प्रिंकलर आणि ठिबकसारख्या सिस्टीमला. हातात धरायच्या पाइपला दाबायची नोझल असेल आणि कुठं गळत नसेल तर घरच्या बागेला कधीही पाणी देता येतं. मी तर झारी वापरली. चार वर्षं हेच काम करते, नियम वाचल्याशिवाय कुणाच्या घरचा नळ उघडत नाही. त्या दुपारच्या फेरीचे पैसेही मी लावलेले नाहीत. बिल सहाच फेऱ्यांचं आहे, तीस डॉलरप्रमाणे एकशे ऐंशी.

टोमॅटोची बुडं काळी पडली, तेही माझ्या दुपारच्या पाण्यावर घातलंत. तो रोग नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असं झालं की मातीतलं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, मग बूड काळं पडून चामड्यासारखं होतं. म्हणूनच तुम्ही निघायच्या आधी मी मेसेज केला होता की वाफे उंच आहेत, लवकर सुकतात, एक दिवसाआड येऊ द्या. तुम्ही दोन दिवसांआडचं पॅकेज घेतलंत. तुमची इच्छा, त्यात काही गैर नाही, पण मग तो दोष एकटीच्या माथी नको. पहिल्या घोसालाच हा त्रास जास्त होतो, वरचे घोस बहुतेक चांगले निघतील. आणि "ख्रिसमसला एकही लाल टोमॅटो नाही" म्हणालात, तर रोपं तुम्ही सगळ्यांसारखी कप डेला, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या सुट्टीला लावली होती. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार ते २५ डिसेंबर म्हणजे सात आठवडे. तेवढ्यात लाल व्हायला नशीबच लागतं.

मी तासगावची. घरी द्राक्षाची बाग होती, पाणी कधी द्यायचं आणि कधी तोडायचं हे मी चालता यायला लागल्यापासून बघतेय. इथं पहिल्यांदा दुकानात गठ्ठ्यानं विकायला ठेवलेलं उसाचं पाचट पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. या सुट्टीत सगळं शहर समुद्रावर असतं, माझी मुलंही "आई, आज तरी नको" म्हणतात, आणि मी बारा घरांच्या बागा फिरते. वर्षाची निम्मी कमाई याच पाच-सहा आठवड्यांत होते. आपल्या माणसांच्या ग्रुपवर एक रिव्ह्यू फिरला की पुढच्या डिसेंबरचे फोन थांबतात, म्हणून एवढं लिहिलं. राग मानू नका.

पुढच्या सिझनपासून प्रत्येक फेरीचे फोटो पाठवायचं बघतेय, झुकिनीचंही काहीतरी नीट ठरवते. ४ तारखेच्या फेरीचे पैसे तुम्हाला परत केलेत.

एकच विनंती. "बागेत जुन्या चिंध्या लटकवून गेली" असं लिहिलंय. त्या चिंध्या नाहीत. २६ तारखेला शेडनेट हाताशी नव्हती, दुकानं लांब, म्हणून टोमॅटोवर माझ्या आईच्या दोन सुती साड्या चिमटे लावून ताणल्या होत्या. ऊन ओसरेना म्हणून तशाच ठेवल्या. एक मी ४ तारखेला काढून नेली. निळी, बारीक काठाची, अजून तुमच्याकडे मागच्या कुंपणावर आहे. टाकून दिली नसेल तर घडी करून पायरीवर ठेवा. शनिवारी किल्ली द्यायला येईन, तेव्हा घेऊन जाईन.