डबा ठणठणीत, पण अपडेट बंद!

घरातला नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा, ठणठणीत आहे, दोन्ही डिस्क मस्त फिरतायत, पण कंपनीने अपडेट कधीच बंद केलेत आणि आत अजून २००९ चा लिनक्सचा २.६.३२ कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसलाय! मग डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम टाकायची म्हटलं की डबा खोला, बोर्डवर कॉम्प्युटरवरून थेट आज्ञा द्यायच्या सिरीयलच्या बारीक पिना शोधा, केबल ३.३ व्होल्टचीच हवी कारण ५ व्होल्ट गेले तर चिप जळू शकते, वर ११५२०० बॉडच्या स्पीडला यू-बूट, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर, थांबवायला जेमतेम सेकंदभर मिळतो, तो हुकला की परत पॉवर काढा. अरे, कर्नल जीपीएल या खुल्या लायसन्सचा आहे ना, मग त्यातल्या बदलांचा कोड कंपनीने मागितल्यावर द्यायलाच हवा! तर कोडची झिप येते अर्धवट, फॅनचा ड्रायव्हरच गायब, आणि फॅन चालला नाही तर डिस्क तापणार आमच्या. पैसे आम्ही मोजलेत, मग बूटलोडरला कुलूप का लावता?